अकरा वेळा एंटर

"लस्साद, तुझ्या फायरवॉलनंच अडवलंय सगळं!" मी फोनवर ओरडलो. दुपारचे तीन, रोजा, घसा कोरडा आणि डोकं तापलेलं. स्फाक्स शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातला डेटाबेस सर्व्हर वीस वर्षं मी माउसनं चालवला. आता म्हणे कमांड लिहून चालवायचा, आणि त्यासाठी लागणारी साधनंच सर्व्हरवर बसेनात. अकरा वेळा करून बघितलं.

नेटवर्क लस्साद सांभाळतो. दोन दिवस बिचारा एकेक नियम तपासत होता. "सी मोन्सेफ, माझ्याकडून वाट मोकळी आहे हो," असं तो मला आदरानं 'सी' लावून सांगायचा. मी मात्र साहेबांकडे त्याची लेखी तक्रार केली.

शेवटी हातात एक कागद घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. सोबत नवीन आलेली ओल्फा होती.

"काका, एकदा करून दाखवा बरं," ती म्हणाली.

मी कमांड लिहिली. पडद्यावर तोच लांबलचक मजकूर आला. नेहमीसारखं न वाचताच मी एंटर दाबलं.

"अहो काका! ते विचारतंय, जिथून हे उतरवायचं त्या जागेवर विश्वास आहे का? नुसतं एंटर दाबलं की ते 'नाही' धरतं."

तिनं पुन्हा कमांड देऊन 'हो' निवडलं. मिनिटभरात साधनं बसली. माझे कान तापले.

"बसलं ना? मग झालं," लस्साद म्हणाला आणि कागद माझ्यासमोर ठेवून निघून गेला.

साहेबांनी त्याला दिलेली ताकीद होती ती. त्यात माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: या माणसावर विश्वास ठेवता येत नाही.