होळीत न गेलेली सतरंजी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, उंदरांनी कोपरे कुरतडलेली. पण म्हणून मी तुमच्यापुढे गयावया करणार नाही. माझी गोष्ट ऐकायची असेल तर नीट बसून ऐका.

माझा जन्म बाळापूरच्या मागावर झाला. सूत आपल्याच वऱ्हाडी कापसाचे. दर्यापूरजवळच्या एका गावाने वर्गणी काढून मला विकत आणले. वर्गणी पाटलांनी दिली, माळ्यांनी दिली, महारवाड्यानेही दिली. म्हणून मला 'गावाची सतरंजी' म्हणत. लग्न असो, कीर्तन असो, माझ्यावाचून साऱ्यांचे अडायचे. फार मिरवले मी त्या दिवसांत.

मला अंथरायचे काम महारवाड्यातल्या सहदेवचे. तो मला झटकायचा, माझ्या सुरकुत्या काढायचा. त्याचा हात लागला नाही असा माझा एकही धागा नव्हता. मग कुणीतरी तांब्यातून पाण्याचे चार शिंतोडे माझ्यावर उडवायचे, की झाले, मी शुद्ध! सारे गाव माझ्यावर बसे आणि सहदेव माझ्या कडेला, मातीत. मला याचा भारी राग यायचा.

सदतीस सालची निवडणूक आली. कायदेमंडळासाठी दोन उमेदवार उभे होते. एक भगवंतराव, शेकडो एकर काळ्या जमिनीचे धनी. दुसरे नत्थुजी, भाजीपाला पिकवणारे माळी. दोघांनी एकाच सभेत समोरासमोर बोलावे असे गावाने ठरवले, आणि ती सभा भरली माझ्यावर.

आधी भगवंतराव उठले. "अमरावतीच्या कँपात गोऱ्याइचा कलब हाये. मले पायरीवरूनच वापस धाडलं. काहून? त माया रंग काळा. हा अपमान मी कायदेमंडळात बोलून दाखवीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी नत्थुजींकडे बोट केले. "अन् हा? हा समाजवादी हाये, रशियावाल्याइचा चेला. हा निवडून आला त तुमच्या गोठ्यातली बैलजोडी सरकारजमा होईन."

बैलजोडीचे नाव निघताच सभेत कुजबुज सुरू झाली. नत्थुजी उठून उभे राहिले.

"गावची विहीर साऱ्याइले खुली करा, इतलंच मी म्हणलं. त्याले समाजवाद म्हणत असान त खुशाल म्हणा. पण भगवंतराव, गोऱ्यानं रंग पाहून तुमाले पायरीवर ठेवलं. तुमी जात पाहून सहदेवले मातीत ठेवून राहिले. मंग तुमच्यात अन् त्या गोऱ्यात फरक काय उरला?"

भगवंतराव संतापले. "मले गोऱ्याच्या रांगेत बसवतो काय? इतका पुळका हाये त बसव त्याले सतरंजीवर. पाहू किती मतं उरतात ते."

नत्थुजींनी समोर बसलेल्या गावावर नजर फिरवली. अर्धे गाव उठून गेले तर निवडणूक तिथेच हरल्यात जमा होती, हे त्यांना कळत होते. सहदेवने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग धोतराची धूळ झटकली आणि तो स्वतःच येऊन माझ्या मधोमध बसला.

"कोनी बसवाची वाट काहून पाहू? वर्गणी मीबी देली हाये," तो म्हणाला.

भराभर माणसे उठली. जोडे शोधायची एकच घाई उडाली. नत्थुजींची बायको सुभद्रा बायकांत बसली होती. ती मात्र पुढे आली आणि सहदेवपासून हातभर अंतरावर बसली. उठलेल्यांना म्हणाली, "यानं अंथरलेल्या सतरंजीवर बसता, अन् याच्या बाजूले बसाची लाज वाटते?" सारे जोडे घालून चालते झाले. तेव्हा कुठे नत्थुजी खाली बसले. ते तिघे आणि मी, एवढीच सभा उरली.

नत्थुजी सपाटून पडले. भगवंतराव निवडून आले आणि त्यांनी पहिला हुकूम सोडला तो माझ्याविषयी. "ते सतरंजी बाटली. होळीत टाका."

मी बाटले नव्हते, मित्रांनो. उलट त्या सभेत पहिल्यांदाच मी खरोखर गावाची झाले होते.

होळीच्या दिवशी भर दुपारी सहदेव चावडीत आला आणि त्याने मला उचलले. दुसरे टोक नत्थुजींनी धरले. चौकात लाकडे रचून ठेवली होती आणि भगवंतराव तिथेच उभे होते.

"कुठी नेऊन राहिले?" त्यांनी विचारले.

"महारवाड्यात," नत्थुजी म्हणाले. "आज सभा हाये. तुमीबी या."

भगवंतराव आले नाहीत. पण हळूहळू माळ्यांची चार घरे आली, मग कुणब्यांची दोन. दाटीवाटीने बसले सगळे. मी पुरत नव्हते आणि मला त्याचा केवढा आनंद झाला होता!

आता मी पार झिजले आहे. तरी मला जपून ठेवा असे मी सांगणार नाही. घडी घालून ठेवलेल्या सतरंजीला कसर लागते. मला अंथरा, माझ्यावर बसा, बसून बसून फाडा हवे तर. फक्त तुमच्या शेजारी कुणी येऊन बसले, तर उठू नका.