नावडतीचा आवाज

"काकू, तुम्ही पहिल्या आलात," ध्वनिमुद्रकाने सांगितलं, तेव्हा काकूंना क्षणभर वाटलं काहीतरी बक्षीस लागलं. मग तो उगाच वायरी गुंडाळायला लागला, आणि त्या काय ते समजल्या. पहिल्या आल्या होत्या त्या नावडत्यांत.

'बागेतली बारा बिऱ्हाडं' ही मुलांची कार्टून मालिका वीस-बावीस वर्षं चालली होती. पहिल्या भागाला टाळ्या पिटणारी पोरं आता आपल्या पोरांना मांडीवर घेऊन ती बघत होती. यंदा वाहिनीने प्रेक्षकांना विचारलं, यातलं कोणतं पात्र तुम्हाला डोळ्यांसमोर नको होतं? उत्तरांचा नुसता पाऊस पडला, आणि त्यातला निम्मा एकट्या भुणभुणकाकूवर. भुणभुणकाकू म्हणजे बागेतली गांधीलमाशी. कुणी झोक्यावर बसलं की ही हजर: "पडशील! मग माझ्याकडे रडत येऊ नकोस!" नाकातून, घसा आवळून काढलेला, कानात टाचणी टोचावी तसा आवाज. तो आवाज पहिल्या दिवसापासून या बाईंचा. स्टुडिओत त्यांचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. दारावरचा पहारेकरीसुद्धा त्यांना काकूच म्हणायचा.

दुसरा नंबर कुणाचा, हे कळलं तेव्हा मात्र सगळ्यांनाच धक्का बसला. टुणटुण! मालिकेचा नायक, खारीचं गुणी पिल्लू. त्याचा आवाज काढणारा गृहस्थ पन्नाशी उलटलेला, पिकल्या मिशांचा. त्याने चहाचा कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

"तुमचं समजू शकतो, काकू. राग मानू नका. पण मी? मी कुणाचं काय वाकडं केलं?"

"काही केलं नाहीस म्हणूनच," काकू म्हणाल्या. "सारखं आपलं 'चला, मिळून काम करूया.' मलाही कधीकधी तुला डसावंसं वाटायचं."

तो हसला, पण चेहरा पडलेलाच राहिला. काकूंना त्याची कीव आली. स्वतःबद्दल काय वाटतंय, ते त्यांना नीट उमजेना. अंगात नुसता शिणवटा होता.

दुपारी वाहिनीच्या नव्या अधिकाऱ्याने बोलावलं. मुलगा सभ्य होता. त्याने आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी विचारलं. एवढं अगत्य बघूनच काकूंनी ओळखलं.

"आम्ही ठरवलंय, की भुणभुणकाकू बाग सोडून जाते."

"कुठे?"

तो गडबडला. "ते अजून... लांब कुठेतरी."

"बरं," काकू म्हणाल्या. "टुणटुणचं काय?"

"त्याला थोडा खोडकर करतोय."

घरी आल्यावर त्यांनी सवयीने चपला काढल्या, सवयीने कोमट पाणी घेतलं आणि सवयीनेच गप्प बसल्या. ही घरातली जुनी पद्धत. दिवसभर तो आवाज काढला की संध्याकाळी घसा सोलून निघालेला असायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी तोंड बंद. नवरा खुणांवर संसार करायला शिकला होता. बोट वर म्हणजे पंखा, हात गालाला म्हणजे झोपते. मुलगीही त्यातच वाढली. आता ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, आणि त्या दिवशी वडिलांची औषधं घेऊन आली होती.

काकूंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "सुटलीस." मुलगी औषधाच्या पट्ट्या डब्यात लावत राहिली.

"मीही मत दिलं होतं, आई," ती पाठमोरीच म्हणाली.

"कुणाला?"

"तिलाच."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, आईच्या पोटावर..."

"पोटावर नाही, बाबा." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, आवाजही चढलेला नव्हता. "शाळेत सगळ्या म्हणायच्या, तुझी आई घरी किती ओरडत असेल ना! मी हो म्हणायचे. आई, तू मला कधी ओरडलीच नाहीस. गोष्ट सांगितली नाहीस. मी पडले तर हात फिरवायचीस, पण बोलायची नाहीस. त्या माशीला सगळा आवाज, आणि आमच्या वाट्याला तू मुकी."

त्या आवाजावर हे घर उभं राहिलं, तुझं शिक्षण झालं, हे सगळं काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण मुलीलाही ते ठाऊक असणारच. "हं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाण्याचा पेला विसळायला उठल्या. मुलगी निघून गेली.

भुणभुणकाकूच्या शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यात झालं. संहितेत भुणभुणकाकू सगळ्यांची माफी मागते, रडते आणि उडून जाते, असं होतं. काकूंनी रडून दाखवलं. दिग्दर्शिका म्हणाली, अजून थोडं आतून येऊ द्या. काकूंनी पुन्हा रडून दाखवलं. पुन्हा. शेवटी घसा बसला, नाकातला सूर निघेचना, आणि माइकमध्ये त्यांचा स्वतःचा जाडसर, थकलेला आवाज उमटला: "निघते मी. झोक्याची दोरी झिजलीय, तेवढी बदलून घ्या."

हे संहितेत नव्हतं. काचेपलीकडे दिग्दर्शिकेने ध्वनिमुद्रकाकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. टुणटुणवाल्या गृहस्थाने दारापर्यंत येऊन काकूंची पिशवी हातात दिली.

भाग लागला. काही मुलं म्हणे रडली, बरीचशी खूश झाली. मालिका पुढे चालू राहिली.

घरी मात्र काकूंना करमेना. घसा बरा झाला, पण बोलायची सवयच नव्हती. नवरा काही विचारायचा, त्यांचं बोट आपोआप वर जायचं. महिनाभराने मुलगी आली आणि सहज बोलून गेली, की ती चांगली नोकरी सोडतेय.

"सोडतेयस? आणि दुसरी बघितलीस?"

"बघेन."

"बघेन म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

आवाज चढला. मुलीचाही चढला. जुनं-नवं सगळं निघालं: लग्नाची घाई, कधी न आलेले फोन, कुणाला काय कळतं आणि काय नाही. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या, तसा नवऱ्याने उठून खिडकी लावून घेतली. भांडून भांडून दोघी दमल्या, घामाघूम झाल्या. मुलगी धपकन खुर्चीत बसली.

"नोकरी मी सोडणारच आहे," ती म्हणाली.

"सोड," काकू म्हणाल्या. "पण मला पटलेलं नाही. आणि मी ते रोज सांगणार आहे."

"सांग," मुलगी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.