नव्वदीची वाट

जर्मनीत वेझर नदीकाठच्या एका गावातल्या टेनिस क्लबाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरे. तिथे एक विषय वर्षानुवर्षं पुढच्या बैठकीवर ढकलला जाई. आपल्या ओळखीच्या संस्थेत असा एखादा विषय नाही, असं आपल्यापैकी कोण छातीठोकपणे म्हणेल?

विषय होता एडेलट्राउड लोबेक यांच्या नावाचा. याच क्लबाच्या लाल मातीवर खेळायला शिकलेल्या लोबेकबाईंनी देशाचं अजिंक्यपद चार वेळा जिंकलं होतं, शिवाय दुहेरीत दोनदा. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत त्या शेवटच्या आठ जणींत होत्या. पण बैठकीच्या खोलीतल्या फलकावर सोनेरी अक्षरांत झळकत होती ती जिल्ह्यात जिंकलेल्या पुरुषांची नावं. बायकांसाठी वेगळा फलक करू, असं पासष्ट वर्षांपूर्वी ठरलं होतं. तो झालाच नाही.

चिटणीस फोल्कमार रीपे यांनी हिवाळाभर जुनी कात्रणं चाळून बाईंच्या विजयांची यादी केली. अखेर बाईंच्या नावाचा फलक लावायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

"झकास!" अध्यक्ष ब्रेनेके म्हणाले. "अठरा तारखेला बाईंची नव्वदी. भेटीची टोपली घेऊन जाऊ आणि तेव्हाच सांगू. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही."

क्लबाचं स्वयंपाकघर चालवणारी द्रागित्सा बटाट्याच्या कोशिंबिरीच्या बश्या मांडत होती. ती थांबली.

"दोन आठवडे? आजच सांगा की! मी रोज सूप घेऊन जाते त्यांच्याकडे. आता चमचासुद्धा धरवत नाही त्यांना."

"वाढदिवसाआधी अभिनंदन? अपशकुन असतो तो! तीस वर्षं झाली तुला या देशात येऊन, एवढं कळलं नाही?" ब्रेनेके म्हणाले.

"कळलं ना, साहेब. आणि पासष्ट वर्षं गप्प बसलात, तो कुठला शकुन होता?"

हशा पिकला. रीपेही हसले. भिडस्त माणूस, चारचौघांत वेगळं बोलणं त्यांना जमत नसे.

अकरा तारखेला द्रागित्साचा फोन आला. लोबेकबाईंच्या छातीत पाणी झालं होतं, त्यांना इस्पितळात हलवलं होतं. रीपे कोटाच्या खिशात ठरावाची प्रत घालून गेले.

"कोण, फोल्कमार? बस. क्लबात काय चाललंय?"

"विशेष काही नाही, बाई."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. बोल."

"अठराला सांगतो. वाढदिवसाला."

बाई छताकडे बघत राहिल्या. धाप लागत होती, तरी त्या बोलल्या. "पहिल्यांदा जिंकून आले ना, तेव्हा वडील म्हणाले, 'आता लग्नाचं बघ.' क्लबाने तर काहीच म्हटलं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

रीपेंचा हात खिशात गेला. कागद बोटांना लागला. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं! पण एवढ्या आजारी बाईला वाढदिवसाआधी काही सांगावं आणि नेमकं वाईट व्हावं, ही लहानपणापासूनची भीती आड आली. "अठराला," ते पुन्हा पुटपुटले आणि उठले.

चौदा तारखेच्या सकाळी लोबेकबाई गेल्या.

दफनानंतर द्रागित्साने रीपेंना गाठलं. "सांगितलं होतं ना तुम्ही त्यांना?"

रीपेंनी मान हलवली. नाही.

"अरेरे! तुमचा अपशकुन टळला, साहेब. बाई मात्र आपलंच चुकलं असं समजून गेल्या." ती रागावली असती तर बरं झालं असतं, ती नुसती रडत राहिली.

पुढच्या बैठकीत ब्रेनेके म्हणाले, "फलक तर लावूच. आता पुढचं नाव. मुलांना एकतीस वर्षं फुकट शिकवणाऱ्या विल्ट्रूड श्पेश्तबाई. दोन वर्षांनी त्यांची पंचाहत्तरी येते, तेव्हा—"

"नाही!" रीपे उभे राहिले. "इस्पितळात मी कागद खिशात घेऊन बसलो आणि तो तसाच घेऊन परत आलो. आपण माणसाचा मान करत नाही, आकड्याचा करतो. आणि बाई म्हटली की तो आकडाही पुढे ढकलतो. बाईंना आता फलक वाचता येणार नाही. तो आपण आपल्यासाठी लावतोय, हे तरी कबूल करू या!"

रीपे कोट चढवून बाहेर पडले.

श्पेश्तबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे हात कणकेने माखले होते.

"रीपे? आज कसला दिवस आहे?"

"कसलाच नाही. साधा मंगळवार. तुम्ही आमच्या मुलांना घडवलंत, बाई, आणि आम्ही ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. क्लबाचा ठराव व्हायचाय अजून, पण तोवर मी थांबणार नाही. तेवढंच सांगायला आलो."

बाई दारातच उभ्या राहिल्या. मग माखलेल्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले.

रीपेंना त्याने हलकं वाटलं नाही. जिला सांगायचं होतं ती मातीखाली होती, आणि ते कधीच भरून येणार नव्हतं. मित्रांनो, ज्याचं श्रेय त्याला तो ऐकू शकतो तोवरच द्या. मुहूर्त बघत बसलो, तर आपण केलेलं कौतुक ऐकायला फक्त फलकाची भिंत उरते.