ट्रकची शीळ

ट्रक काही स्वतःच्या पायांनी आला नाही. दुसऱ्या ट्रकनं त्याला साखळी बांधून ओढत आणलं, आणि तो तमाशा बघायला गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात उभी राहिली. लष्करानं कधीकाळी मोडीत काढलेला मालट्रक. सहा चाकं, लांब नाकाड, दिव्यांच्या जागी नुसती भोकं, हौद्याच्या फळ्यांमधून गवत उगवलेलं. गॅरेजमध्ये ढकलल्यावर दोन्ही अंगांना जेमतेम एक माणूस आडवा जाईल एवढी फट उरली. त्या फटीतून उस्ताद अंग चोरत बाहेर आले. कपडे गंजानं माखलेले आणि चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडत होता.

"अहो," बायको म्हणाली, "हत्तीच पोसायचा होता तर जिवंत तरी आणायचा!"

"करतो की जिवंत," उस्ताद म्हणाले.

"करा. पण कोपऱ्यातलं माझं शिलाई मशीन तसूभर हलणार नाही, सांगून ठेवते."

उस्ताद म्हणजे बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. ही पदवी त्यांनी कमावली होती ती कानांच्या जोरावर. डेपोच्या फाटकातून बस आत शिरायची आणि ड्रायव्हरनं ती बंद करायच्या आत उस्ताद स्टुलावर बसल्या बसल्या सांगून मोकळे व्हायचे, कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, म्हणजे टॅपेट, जुळवताना बाकीचे मेकॅनिक गेजची पातळ पट्टी घालून फट मोजायचे. उस्ताद चालू इंजिनावर लाकडी दांडकं टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि नुसतं ऐकून स्क्रू फिरवायचे. "पट्टी शिकाऊंसाठी," म्हणायचे. समोर कितीही मोठा साहेब असो, हे म्हणताना मान ताठ!

या ट्रकमागं एक गोष्ट होती, आणि ती बायकोनं इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती. नदीला पूर आला होता. उस्ताद तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाचे. आई, थोरला भाऊ आणि ते, तिघं छपरावर. खाली सगळं गढूळ, सपाट. कुत्री गप्प, कोंबड्या गप्प, माणसंही रडून रडून गप्प. आणि मग आवाज आला, ट्रक दिसायच्या कितीतरी आधी. खालून जमीन हलवणारी घरघर आणि तिच्यावर गिअरची एक बारीक, न तुटणारी शीळ. "एका गळ्यातून दोन आवाज," उस्ताद सांगायचे, आणि इथं आल्यावर हळू बोलायला लागायचे. मग वळणावरून तो आला, छातीएवढं पाणी फोडत. "देव दिसला असता ना, तरी एवढा मोठा वाटला नसता." पुढं जन्मभर त्यांनी इंजिनंच ऐकली, पण ती शीळ कुठल्या गाडीत पुन्हा भेटली नाही. आता त्याच जातीचा ट्रक लिलावात हाती लागला होता. मरायच्या आत एकदा तो आवाज ऐकायचा, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं.

तो आवाज ऐकलेलं दुसरं जिवंत माणूस म्हणजे थोरले, उस्तादांचे मोठे भाऊ. ते गल्लीच्या टोकालाच राहायचे. पण पुराचा विषय निघाला की ते उठून चपला शोधायला लागायचे. "पुरे झालं रे तुझं. मला काही आठवत नाही," एवढं बोलून चालते व्हायचे. बायकोला ते दगडाच्या काळजाचे वाटायचे.

काम सुरू झालं ते संपेचना. साखळीच्या कप्पीनं इंजिन बाहेर निघालं, सुटं झालं, जुन्या चादरीवर मांडलं गेलं. गंज खरवडला, पिस्टन सोडवले, ब्रेकचे पाइप नव्यानं वाकवले. भंगारवाल्यांच्या ढिगात हात घालून उस्ताद कुठला कुठला नट घेऊन यायचे आणि जेवताना तो ताटाशेजारी ठेवायचे. "त्यालाही वाढू का?" बायको विचारायची. तरी हौद्यावरच्या कापडी छताचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. ताडपत्रीचं ते जाड कापड. सुया मोडल्या, बोटं सोलली, पण टाका सुटू दिला नाही.

एकदा दुपारी ती माप घ्यायला हौद्यात चढली आणि तिथंच उभी राहिली. फळ्या नव्या होत्या, पण खालचं लोखंड तेच होतं, कडेला हातांनी घासून गुळगुळीत झालेलं. किती माणसांनी ते धरून आपला जीव वर ओढून घेतला असेल! एरवी नवऱ्याच्या गोष्टीला ती मनात हसायची. त्या दुपारी तिला हसू आलं नाही. तिनं कडेवरून हळूच हात फिरवला आणि अंगावर सर्रकन काटा आला.

त्याच वेळी एक गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. ती हौद्यातून दोनदा "अहो" म्हणाली, तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा कुठं उस्तादांनी वर पाहिलं. पण ऐकू न येणं आणि ऐकून न ऐकणं यांतला फरक नवऱ्याच्या बाबतीत कुठल्या बायकोला कळलाय? तिनं कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं.

इंजिन चढलं, टाकी भरली. पहिल्यांदा चालू करायच्या सकाळी थोरले आले, ते सुद्धा भावजयीनं दोनदा निरोप धाडल्यावर. उस्तादांनी सेल्फ मारला. इंजिन खोकलं, गुदमरलं, एकदम पेटलं, आणि गॅरेजची भिंत न् भिंत थरथरली. उस्तादांनी वरचं झाकण काढलं, दांडकं कानाला लावलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक टॅपेट जुळवत गेले. डोळे मिटलेले, चेहरा शांत. मग ताठ उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "ऐका! लोण्यासारखं चाललंय!"

कसलं लोणी! खड खड, टक टक, भांड्यांची अख्खी फळी कोसळावी तसा आवाज. बायकोनं कानांवर हात ठेवले. थोरल्यांचं तोंड वाकडं झालं.

"हा खडखडाट ऐकायला बोलावलंस होय?" ते भावाच्या तोंडाजवळ जाऊन ओरडले. "कान फुटले काय तुझे?"

तोंडातून शब्द निघून गेला आणि मग त्यांनी भावाचा चेहरा पाहिला. उस्तादांनी इंजिन बंद केलं. कुणाकडे न बघता ते हात पुसत राहिले, आधीच पुसलेले हात. थोरले दारात जरा घुटमळले आणि खाली मान घालून निघून गेले.

बायको जवळ आली. आता तिला एकदम सगळं दिसलं, मोठा केलेला टीव्ही, वाजूनही त्यांनी न ऐकलेली दाराची घंटा, सगळं.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"बारीक आवाज गेले," उस्ताद म्हणाले. "जाड येतात अजून. डॉक्टर म्हणाला, आधी बारीक जातात, मग राहिलेले. कानात घालायचं यंत्र लावून पाहिलं त्याच्याकडे. सगळंच मोठं होतं, ओळखीचं काही राहत नाही." थोडा वेळ ते कोपऱ्याकडे बघत राहिले. "तुझं मशीनही येत नाही ऐकू. चाक फिरताना दिसलं की कळतं, तू शिवतेयस."

तिला भडभडून आलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि हा माणूस शेजारी बसून एकटा बहिरा होत गेला! आणि राग तर असा आला की बोलायची सोय नाही.

"मला सांगायचं नाही होय?"

"काय सांगू? उस्तादाचे कान गेले म्हणून? मग राहिलं काय माझ्यात?"

"माणूस राहिला की!" ती कडाडली. "पट्टी घालून मोजा ना मग. कोण बघतंय?"

"नाही." बस्स, एकच शब्द, पण तो हट्टाचा नव्हता.

तिनं पदर खोचला. लाकडी दांडकं उचलून कानाला लावलं. "चालू करा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"जन्मभर मशीनपुढं बसलेय. कोरडं चाक कुठलं आणि तेल प्यालेलं कुठलं, ते मलाही कळतं. करा चालू!"

इंजिन पुन्हा गरजलं. झाकण काढलेलंच होतं. तिनं दांडक्याचं टोक टेकवलं, आणि बाई गं! आत केवढं काय चाललं होतं. तेलानं चमकणाऱ्या छोट्या छोट्या दांड्या आपापल्या वेळेला खाली वाकत होत्या, एक वर की दुसरी खाली, कुणी कुणाच्या आड येत नव्हती. गरम लोखंडाचा वास नाकात भरला. तिला भीती वाटली, आणि तरी आणखी पुढं वाकून बघावंसं वाटलं. हे सगळं या माणसाला नुसत्या कानांनी दिसत होतं! आणि आपण त्याला तेलकट हातांवरून बोलत आलो.

"ही कोरडी वाजतेय," ती ओरडली, आणि बोटानं दाखवलं. उस्तादांनी स्क्रू फिरवला. "अजून. अजून थोडं. आता गप्प झाली!"

"गप्प नको!" उस्ताद घाईनं म्हणाले आणि स्क्रू जरा उलटा फिरवला. "फार आवळली तर व्हॉल्व्ह जळतो. कुजबुज राहू दे."

"कुजबुजतेय."

"पुढची."

आता ते इंजिनाकडे बघतच नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघून हात फिरवत होते. तिच्या कपाळाची आठी गेली की हात थांबायचा. शेवटची दांडी जुळली आणि भांड्यांची फळी कोसळायची थांबली. उरली फक्त घरघर, खोल, एकसारखी, पायांच्या तळव्यांतून वर चढणारी. उस्तादांनी तळहात इंजिनाला लावला. "ही येतेय," ते म्हणाले. "ही मला येतेय."

पण शीळ गिअरची. ती गाडी चालल्याशिवाय निघायची नाही.

"बस वर," उस्ताद म्हणाले. "कान घेऊन बस."

ती साडी सावरत वर चढली. एवढ्या उंचावरून गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती. शेजाऱ्यांच्या खिडक्या गुडघ्याशी आल्या होत्या. ट्रक अंगुळ अंगुळ करत गॅरेजच्या बाहेर आला, उन्हात. उस्तादांनी पहिला गिअर टाकला, मग दुसरा. घरघर वाढली.

आणि मग ती आली. कुठून आली ते कळलं नाही. पायांखालून, मागून, हवेतूनच. घरघरीच्या वर तरंगणारी, बारीक, लांबच लांब शीळ. ती थांबेना, तुटेना. हजारदा ऐकलेली गोष्ट खरी होती, शब्दन् शब्द खरी होती. एक लहान पोर छपरावर बसून हे ऐकतं आणि मग जन्मभर इंजिनांना कान लावत फिरतं, यात आता तिला काही नवल वाटलं नाही. नवल त्या आवाजाचंच वाटत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उस्ताद समोर बघत होते. जबडा घट्ट. त्यांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं, हे तिला दिसत होतं. विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती, आणि सांगायला तिचा आवाज निघत नव्हता.

गल्लीच्या टोकाला थोरल्यांचं दार उघडलं. ते अनवाणी धावत रस्त्याच्या मधोमध आले, पांढऱ्या डोक्याचे, वाकलेले, आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करून जिवाच्या आकांतानं हलवायला लागले. तोंड उघडं होतं. ते ओरडत होते. शेजारीपाजारी हातातलं काम टाकून बघत राहिले.

उस्तादांनी वेग कमी केला. "दादा काय म्हणतोय?"

त्यांच्या दंडाला धरून, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा सुटा करून तिनं सांगितलं.

"म्हणताहेत, आई, आले! आई गं, आले बघ!"

ट्रक थोरल्यांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला, तरी उस्तादांनी इंजिन बंद केलं नाही.

"म्हणजे शीळ येतेय," ते म्हणाले, आणि भावाला वर घ्यायला खाली उतरले.