बुडालेल्यांची पेटी

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर आमच्या जेब्हा गावच्या बंदरात जाळं दुरुस्त करायलाही कोणी नव्हतं. अकरा होड्या धक्क्याला बांधलेल्या होत्या आणि सगळं गाव दर्ग्याच्या अंगणात दाटलं होतं.

मध्यभागी दर्ग्याचा मुल्ला, फकीह बूअज्जा बसला होता. त्याच्यापुढे हिरव्या कापडात झाकलेली पेटी. तिची एक तार छपरावर गेलेली, दुसरी मोटारीच्या बॅटरीला जोडलेली. कापडाला एक भोक होतं. त्यातून काच आणि काचेमागचा काटा तेवढा दिसे.

"खोकू नका!" फकीह ओरडला. "सात पाण्यांच्या पडद्याआडून येतोय पोरगा. खोकलात तर वाट चुकेल त्याची!"

पेटीतून आवाज आला. कोणीतरी पाण्याखालून बदकाच्या नरड्यानं बोलावं तसा. शब्द एकही कळेना, पण बोलण्याची चाल माणसाची होती. मधेच थांबणं, श्वास, पुन्हा सुरुवात.

"मिमून! माझाच मिमून!" रकिया खालानं पेटीपुढे डोकं टेकलं.

मिमून हा तिचा एकुलता एक मुलगा. तो आणि त्याचा जोडीदार अल्लाल सोमवारी पहाटे निळ्या होडीतून सार्डिन मासळी धरायला गेले, ते परतले नव्हते. जेब्हात होडी चुकली की दुसऱ्या पहाटे बंदरातल्या सगळ्या होड्या रांगेनं शोधाला निघतात. कोणी कोणाला विचारत नाही. या वेळी मात्र मंगळवारी पहाटेच फकीहनं पेटीतून निरोप काढला होता : 'मिमून म्हणतो, शुक्रवारपर्यंत पाण्याला वल्हं लावू नका, नाहीतर दर्या मला सोडणार नाही.' तेव्हापासून रोज दुपारी पेटीपुढे असंच गाव जमत होतं. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला तांडेल हमीदूही थांबला. सरकारी लाँच पश्चिमेला एक फेरी मारून परतली. आणि मी 'बुडालेल्याचा आवाज?' असं प्रश्नचिन्ह लावून तेतुआन शहरातल्या माझ्या वर्तमानपत्राला बातमी धाडली. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपते, असा आमच्या धंद्यात समज आहे.

फकीहनं कापडाखालून बोलायचा माइक काढून रकियाच्या तोंडाशी धरला. पेटीत टक् असा आवाज झाला.

"ऐकलंत? कबरीचं दार उघडलं! बोल खाला."

रकिया हुंदके देऊ लागली. तिच्या प्रत्येक हुंदक्याला काटा उसळे. ती थांबली की खाली पडे.

"बघा! आईच्या रडण्याला पोराचं काळीज उत्तर देतंय!"

बायकांनी आकांत मांडला. कोणीतरी फकीहच्या पायाशी नजराण्याचा साखरेचा सुळका ठेवला.

त्याच वेळी गर्दीतून शाळेच्या विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. हूरिया बाई चार दिवस तेतुआनला पेपर तपासायला गेल्या होत्या. बसमधून उतरून त्या थेट इकडे आल्या असाव्यात, पिशवी खांद्यावरच होती.

"फकीहसाहेब, ही ताहिर चाचांची पेटी ना?"

"होती. ते वारले, त्यांच्या बायकोनं दर्ग्याला वाहिली. आता ती बुडालेल्यांची."

"चाचा पोस्टमास्तर होते, मांत्रिक नव्हते," बाई लोकांकडे वळल्या. "हा हौशी लोकांचा रेडिओ आहे. ऐकतोही आणि बोलतोही. रोज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ते यावर समुद्रापलीकडच्या दोस्तांशी गप्पा मारायचे. मला त्यांनीच शिकवलं."

"बाईमाणसाचा हात लागला तर आत्मे पळतात!"

"परवा माझ्या बायकोकडून कोंबडी घेतलीत तेव्हा बरे नाही पळाले!" मागून एक कोळी बोलला. दोघे-तिघे हसले.

बाई रकियाजवळ बसल्या. "खाला, तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

"माझ्या पोराला इजा होईल का गं?"

"नाही होणार."

"मग बघ."

बाईंनी कापड काढलं, चार स्क्रू फिरवून झाकण उचललं. छपरावरच्या तारेचं टोक काढून तिथे ओसरीतला एक दिवा जोडला आणि माइक हमीदूच्या तोंडाशी धरला.

"तांडेल, काहीही बोला."

टक् झालं. "सार्डिन!" हमीदू गरजला. काटा उसळला आणि दिवा लखकन पेटला.

"अरे! सार्डिनलाही काळीज आहे की!" तो कोळी म्हणाला. या वेळी बरेच जण हसले.

"हे टक् म्हणजे इथली ही पट्टी," बाईंनी आत बोट दाखवलं. "माइकची कळ दाबली की ती सरकते. तार ऐकणाऱ्या भागापासून सुटते, बोलणाऱ्या भागाला लागते, म्हणून दिवा पेटला. काटा एकच आहे, त्याला कामं दोन. ऐकताना तो येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवतो, बोलताना आपल्याच आवाजाचा. खाला रडत होत्या, काटा त्यांचंच रडणं मोजत होता."

"आणि तो आवाज?" हमीदूनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"तंबू पाठवायचा, पण ओझं नको म्हणून खांब घरीच ठेवायचा, तसा हा आवाज पाठवतात. खांब ज्याचा त्यानं उभा करायचा. त्यासाठी आत या दोन डब्या आहेत, प्रत्येकीत एकेक स्फटिक. आलेल्या आवाजाला जुळेल ती या बटणानं निवडायची. चुकीची घेतली की जाड आवाज बारीक होतो, बारीक जाड. बोलण्याची चाल उरते, शब्द मरतात. फकीहसाहेबांना या बटणाची एवढीच करामत सापडली. बाकीचे शब्द आपण घातले."

त्यांनी छपरावरची तार पुन्हा जोडली आणि बटण दाबलं.

बदक गेलं. एक दमलेला पुरुष स्पॅनिशमध्ये बोलत होता. आमच्या किनाऱ्यावर ती भाषा बहुतेकांना कळते. रकियाला कळत नाही. हूरिया बाई तिला हळूहळू सांगू लागल्या.

"समुद्रापलीकडच्या मोतरिलहून एक हौशी रेडिओवाला बोलतोय. म्हणतो, बुधवारी सकाळी एका मालवाहू जहाजाला निळी होडी दिसली. दोन माणसं. एक हात हलवत होता. धुक्यात पुन्हा हरवली. प्रवाह पूर्वेकडे ओढतोय. म्हणतो, जेब्हाच्या किनाऱ्यावर कोणी ऐकतंय का? होडी कुठून सुटली, हे कळलं तर शोधता येईल." बाई थांबल्या.

"पुढे काय म्हणतो? सांग ना."

"म्हणतो, तीन दिवस याच वेळी कोणीतरी रेडिओच्या याच जागेवर रडतंय, आमचं बोलणं बुडतंय. जो कोणी असेल त्यानं कृपा करून बाजूला व्हावं."



"म्हणजे," रकिया म्हणाली, "मी रडत होते तेव्हा तो माझ्या पोराचाच पत्ता सांगत होता?"

 बाईंनी माइक उचलला, कळ दाबली आणि आपली ओळख व होडी कुठून सुटली ते सांगितलं. हमीदू केव्हाच उठून धक्क्याकडे धावत सुटला होता. त्याच्यामागे सगळे कोळी.

शुक्रवारी दुपारी होडी सापडली. मिमून जिवंत होता, ओठ फाटलेले, बोलता येत नव्हतं. अल्लाल त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मृत्यू बुधवारी रात्री, तहानेनं. बुधवारी रात्री आमच्या अकरा होड्या धक्क्याला होत्या, कोरड्या दोरांनी बांधलेल्या, आणि त्यांत पिण्याच्या पाण्याची पिंपं भरलेली होती.

फकीह शनिवारच्या बाजारात भेटला. "खबर शेवटी माझ्या पेटीतूनच मिळाली ना?" म्हणाला. मान डोलावणारे दोन जण त्याच्याशेजारी उभे होते. अल्लालची बायको चार पावलांवर पुदिना घेत होती. तिनं ऐकलं आणि जुडी तिथेच टाकून ती निघून गेली.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. जो आवाज माणसाला हातपाय बांधून बसायला सांगतो, तो संताचा असो की मेलेल्याचा, त्याच्यासाठी थांबू नका. आधी होड्या सोडा. आवाज खरा की खोटा हे परत आल्यावरही तपासता येतं; अल्लालला आता परत आणता येत नाही.