मात्वेयची शेवटची पेटी

वादिमने मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं आणि लगेच परत ठेवलं. फाटकापाशी अग्निया मावशी काठी टेकत उभी होती, डोक्याला सणाचा पांढरा रुमाल बांधून.

“लपवतोस काय? उघड की,” ती म्हणाली. “आज मधाचा सण. पहिला मध देवळात न्यायचा, तो मात्वेयच्याच पेटीतला नेणार मी. दुसऱ्या कुणाच्या पेटीतला फुकट मिळाला तरी नको.”

मात्वेय तिचा नवरा. तो गेल्यावर तिने त्याच्या सगळ्या पेट्या विकल्या; ही एकच ठेवली आणि नजर अधू झाल्यावर शेजारच्या वादिमला दिली. जहाजावरची नोकरी सोडून तो नुकताच गावात आला होता, माश्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तरी दिली.

लिंडनची झाडं फुलायच्या सुमारास वादिमला या पेटीत राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, दिसली होती. दक्षिणेकडच्या कुणाची तरी चित्रफीत पाहून तो शहाणा झालेला: राणीघरं दिसली की माश्या उडून जाणार, कापून टाका. त्याने एकूण एक कापली. इथल्या जंगलातल्या माश्या अशी एकदोन घरं उन्हाळाभर हाताशी ठेवतातच, हे त्याला मागाहून कळलं. त्यातून या पेटीतली राणी म्हातारी झाली होती आणि माश्या तिच्या जागी दुसरी वाढवत होत्या. म्हातारी मेली, दुसरी आलीच नाही.

सांगायला म्हणून तो मावशीच्या दारात गेलाही होता. तिने हातावर सारण भरलेली गरम पिरोझकी ठेवली, ती खाऊन तो परत आला. त्यानंतर पलीकडच्या, स्वतः माश्या पाळणाऱ्या त्रोफिमने सहज “काय म्हणतात माश्या?” विचारलं तरी याचे कान लाल व्हायचे. चोराच्या मनात चांदणं. आता पेटीत उरल्या होत्या त्या थकलेल्या माश्या, बर्फ पडायच्या आधीच संपणाऱ्या.

मावशी गवतात गुडघे टेकून बसली आणि तिने पेटीच्या भिंतीला कान लावला. राणी नसलेली पेटी गुणगुणत नाही, आजारी माणसासारखी कण्हते. वादिम ते कण्हणं रोज ऐकत होता.

“छान गातायत,” ती म्हणाली.

वादिमच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरला याचीच त्याला लाज वाटली. त्याने घाईने एक चौकट बाहेर काढली आणि मधाचं पोळं कापून तिच्या वाडग्यात ठेवलं.

“आणखी.”

“मावशी, बाकीचा त्यांना हिवाळ्याला...”

“सगळा काढ. हिवाळ्याला काही ठेवू नकोस.”

वादिमचा हात चौकटीवरच राहिला. इथला हिवाळा माश्या काढतात त्या पेटीतल्या मधावरच. मात्वेयच्या बायकोला हे माहीत नसेल असं कसं होईल?

“राणीघरं मी कापली, मावशी,” तो म्हणाला. “मला वाटलं, उडून जातील.”

“पहिल्या वर्षी सगळेच कापतात. मात्वेयनेही कापली होती.” तिने वाडगं चाचपून मांडीवर नीट ठेवलं. “पण तो त्याच संध्याकाळी टोपी हातात घेऊन माझ्या बापाकडे आला. बापाने शिव्या घातल्या आणि आपल्या पेटीतली अंड्यांची चौकट दिली. त्यातूनच माश्यांनी नवी राणी केली. तू कधी कापलीस?”

“लिंडन फुलला तेव्हा.”

“तेव्हा त्रोफिमच्या पेट्या अंड्यांनी भरल्या होत्या.”

वादिम खाली बघत राहिला. त्याला क्षमा मागायची होती.

“वेळ होता, वादिक,” मावशी म्हणाली आणि तिने वाडगं पुढे केलं. “काढ आता. देवळात उशीर होतो.”