टीव्हीतले आप्पा

भाऊंच्या चपलांच्या दुकानात टीव्ही होता, पण त्यावर ना बातम्या लागत, ना सामने. त्यावर दुकानच दिसायचं. कॅमेरे बसवणाऱ्याने बजावलं होतं, "टीव्ही गिऱ्हाइकाच्या समोर लावा. चोराला स्वतःचं थोबाड दिसलं की हात धजत नाही." चोरांचं माहीत नाही, पण गिऱ्हाइकं त्यात बघून केस सारखे करायला शिकली.

पडद्याचे चार चौकोन होते. एकात दार, एकात गल्ला, एकात मालाची खोली आणि चौथ्यात भाऊंचे वडील, आप्पा. चौथा कॅमेरा कुठे लावायचा यावर खल चालला होता, तेव्हा भाऊंची बायको म्हणाली, "आप्पांच्या खोलीत लावा. मी सकाळी कामाला गेले की तुमचं लक्ष असतं कुठे त्यांच्याकडे?" दुकानामागे बोळ, बोळापलीकडे घर आणि घरात शेवटची ती खोली. झटका आल्यापासून आप्पांची वाचा गेली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं. डावा हात तेवढा शाबूत.

दुकान आप्पांनीच उभं केलेलं. त्यांचा एक नियम होता. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने हात वर केला की हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे जायचं. "हात वर करूनही कोणी बघितलं नाही, की गिऱ्हाईक चप्पल खाली ठेवून निघून जातं," आप्पा म्हणायचे, "आणि गेलेलं पुन्हा येत नाही." या नियमापायी भाऊंनी लहानपणी धपाटेसुद्धा खाल्ले होते. आता आप्पांनी तीच खूण स्वतःसाठी घेतली. पाणी हवं, कूस बदलायची, लघवीला लागली, की कॅमेऱ्याकडे बघून डावा हात वर. भाऊ बोळातून धावत जायचे. नेहमीची गिऱ्हाइकंही ओरडायची, "भाऊ, पळा, आप्पा बोलावतायत!" अशी ती गाडी रुळावर बसली होती.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ यायची, ती मात्र कायम चुकीची. शेजारचा चष्मेवाला रोज चिडवायचा, "तुझ्याकडे अजून गेलं साल चालू आहे. मग भावही गेल्या सालचेच लाव की!" ऐकून ऐकून भाऊंचे कान किटले. तारीख दुरुस्त करायची सोडून त्यांनी त्या कोपऱ्यावर 'वीस टक्के सूट' असा कागद चिकटवला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर मांडणीवरची एक चप्पल गायब. डाव्या पायाची. मांडणीवर जोडातली एकच ठेवतात ती यासाठीच, की एका पायाची चोरून कोण काय करणार? पण भाऊंच्या डोक्यात किडा शिरला. त्यांनी रिमोट घेतला, यंत्रातलं चित्रण मागे नेलं आणि काल सकाळपासूनचं लावून दिलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्यामागून दुसरं. रिमोट खोक्यांखाली गेला, चप्पल डोक्यातून गेली आणि टीव्हीवर कालचा दिवस चालत राहिला. कोपऱ्यावर वीस टक्के सूट होतीच.

भाऊ बेफिकीर नव्हते, हे सांगायलाच हवं. जोड दाखवता दाखवता ते चौथ्या चौकोनाकडे बघत होते. आप्पा शांत पडलेले. बरंय, आज त्यांना झोप लागली, असं त्यांनी एका बाईला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मग चष्मेवाला आला. दारात उभं राहून रोजच्यासारखे टीव्हीला हात जोडले. "काय आप्पा, बरंय ना?" आणि थबकला. "अरे, मी इथे दारात उभा, आणि तुझ्या टीव्हीत दार रिकामं कसं?"

"चष्मा पूस आधी," भाऊ म्हणाले. "लोकांना विकतोस आणि स्वतःला दिसत नाही."

"माझं सोड. गल्ल्यावर कोण बसलंय ते बघ."

भाऊंनी बघितलं. गल्ल्यावर तेच बसले होते, निळ्या चौकड्याच्या शर्टात. तो शर्ट या घडीला घरात दोरीवर वाळत होता आणि भाऊ बाकापाशी उभे होते.

हातातली खोकी तिथेच पडली. भाऊ बोळातून कसे गेले, ते त्यांनाही आठवत नाही. ठेच लागली, रक्त आलं, ते रात्री दिसलं.

आप्पा पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडले होते. पाण्याचं भांडं लवंडलेलं. ते घ्यायला गेले असणार. ओठ कोरडे ठणठणीत, कपडे ओले. डावं कोपर पलंगाच्या कडेला अडकवून त्यांनी हात अजून वर धरला होता. भाऊ "आप्पा!" म्हणून ओरडले, तरी त्यांनी दाराकडे बघितलं नाही. ते कॅमेऱ्याकडेच बघत होते.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, आता पाणी कमी पडू देऊ नका. दवाखान्याच्या जिन्यावर बायकोने एवढंच विचारलं, "कशाला लावला होता मग तो कॅमेरा?" घरी आल्यावर ती झाडू मारायला दुकानात गेली, तेव्हा चप्पल बाकाखाली सापडली. कोणाच्या तरी पायाने आत गेलेली.

आणि भाऊंनी नको ते केलं. एकटे असताना त्या सकाळचं चित्रण लावलं. आप्पांचा हात वर झाला. थांबला. खाली आला. पुन्हा वर. मग नुसता वर नाही, हलवलासुद्धा, गर्दीत माणूस हलवतो तसा. शेवटी त्यांनी हात छातीवर ठेवला, कॅमेऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पाण्याच्या भांड्याकडे सरकायला लागले. पुढचं भाऊंना बघवलं नाही.

तेव्हापासून आप्पांनी हात वर केला नाही.

हात पांघरुणाखाली गेला तो गेलाच. तहान लागली तरी नाही, चादर ओली झाली तरी नाही. पाणी तोंडाशी नेलं तर एखादा घोट घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. भाऊंनी तो 'वीस टक्के सूट'वाला कागद टराटरा फाडला, कॅमेरेवाल्याला बोलावून तारीख दुरुस्त करून घेतली आणि आप्पांना सांगायला गेले. "आता चुकणार नाही, आप्पा. एकदा हात वर करून बघा. मी धावत येतो की नाही ते बघा." धावत दुकानात जाऊन ते टीव्हीपुढे उभे राहिले. आप्पा भिंतीकडे बघत होते. भाऊ परत आले, हातापाया पडले, परत गेले. गिऱ्हाइकं बघत होती. त्यांची लाज वाटायची वेळ केव्हाच गेली होती.

आप्पांचे गाल बसायला लागले. बायको रात्री रडायची, आणि भाऊंना रडूही येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, आणि या वेळी काही सांगता येत नाही.

मग एक दिवस दुकानात गर्दी होती. भाऊ गल्ल्यावरून उठले, कोणाला काही न सांगता बोळातून आप्पांच्या खोलीत गेले आणि पलंगाजवळ जमिनीवर बसले. काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी आपला डावा हात वर केला. बाकावरचं गिऱ्हाईक करतं तसा. आणि तसाच धरून ठेवला.

आप्पा बघेनात. दुकानातून हाका यायला लागल्या. "भाऊ! अहो भाऊ, आहे का कोणी?" भाऊ उठले नाहीत. हात भरून आला, खांद्यातून कळ निघाली, बोटं थरथरायला लागली. आप्पांनी त्या दिवशी हे किती वेळ सोसलं असेल, ते त्यांना आता अंगात कळत होतं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी हात त्यांनी खाली घेतला नाही.

आप्पांची मान हळूहळू वळली. त्यांनी मुलाच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. पांघरूण हललं. डावा हात बाहेर आला, भाऊंचं मनगट धरून त्याने तो थरथरता हात खाली आणला, आणि मग बोटाने पाण्याचं भांडं दाखवलं.